डोंगरावरील सोनकी : ओळख आणि वैरणीतील सावधगिरी

भाद्रपदाच्या मध्यास पावसाची झड ओसरू लागली म्हणजे सह्याद्रीचे सडे, गडांचे उतार आणि घाटातील दरडी पिवळ्या फुलांनी झाकून जातात. कासचे पठार, महाबळेश्वर-पाचगणीचा मुलूख, सिंहगड, पुरंदर, हरिश्चंद्रगड, कोठेही वर चढून पाहावे, हा देखावा दिसतोच. या पिवळेपणात सोनकीचा वाटा मोठा असतो. तथापि डोंगरावरील प्रत्येक पिवळे फूल सोनकीचे नव्हे. आणि सोनकी कोणती व इतर कोणती, हे ठाऊक नसल्यामुळे शेतकऱ्याचे व गुरांचे नुकसान होण्याचा संभव असतो. केवळ हौसेखातर फुलांची नावे शिकावीत, एवढ्यासाठी हा लेख लिहिलेला नाही.

काही वर्षांपूर्वी एका डोंगरी गावात घडलेली हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. बाहेरून आलेली एक पिवळ्या फुलाची वनस्पती रस्त्याच्या कडेने पसरत आहे, ती बी धरण्यापूर्वी उपटून टाकावी, अशी सूचना त्या गावी गेली होती. तेथील कार्यकर्ता उत्साही होता. त्याने शाळेची मुले बरोबर घेतली आणि दोन दिवसांत पिवळ्या फुलांचा मोठा ढीग पाराजवळ रचला. प्रस्तुत लेखक त्या दिवशी त्या गावी गेला होता. आणि तो ढीग पाहून त्यासही पहिल्या क्षणी समाधानच वाटले, हे येथे कबूल केले पाहिजे. इतक्यात एक वृद्ध बाई तेथे आल्या. त्यांनी ढिगातून एक रोप ओढून काढले आणि म्हणाल्या, "अरे बाबांनो, हे कारळं हाये. वर्साचं त्याल आमचं ह्यातनंच निघतं." पाहिले तो खरोखरच बांधालगतचा त्यांचा कारळ्याचा पट्टा मुलांनी साफ केला होता. ढिगातील बाकीची बहुतेक रोपे सोनकीची होती. ज्या वनस्पतीसाठी ही सारी मोहीम काढली, ती मात्र वळणावरच्या घरांपुढे सुखाने डोलत होती. कारण ते बागेतले फूल आहे, अशी सर्वांची समजूत होती.

या चुकीचे मूळ एकच. फुलाचा रंग पाहिला, झाड पाहिले नाही.

प्रथम हे लक्षात घ्यावे की सोनकी, कारळा, सूर्यफूल, शेवंती, झेंडू ही सर्व एकाच कुळातील झाडे होत. या कुळास सूर्यफूल कुल असे म्हणतात. ज्यास आपण या झाडांचे एक फूल समजतो, ते वस्तुतः अनेक लहान फुलांचे डोके असते. सूर्यफुलाचे उदाहरण घेतल्यास हे चटकन पटते. मधल्या तबकडीत शेकडो बिया भरतात, त्या अर्थी तेथे शेकडो फुले असलीच पाहिजेत. तबकडीतील ही फुले बारीक नळीसारखी असतात. कडेची फुले चपटी, पट्टीसारखी असतात व त्यांनाच आपण पाकळ्या म्हणतो. साऱ्या डोक्याला खालून हिरव्या पात्यांची एक वाटी धरून ठेवते. ओळख पटविण्याच्या कामी पिवळ्या पाकळ्यांपेक्षा ही हिरवी वाटी अधिक उपयोगी पडते. म्हणून फूल हाती आल्यावर ते उलटे करून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

सोनकीचे शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस असे आहे. जुन्या ग्रंथांत, उदाहरणार्थ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथात, तीच वनस्पती सेनेसिओ ग्रहामी या नावाने सापडते. नावातील हा बदल १९७० साली झाला. झाड तेच आहे. ही वनस्पती पश्चिम घाटाच्या टापूतील असून जगात इतरत्र ती आपोआप उगवत नाही. पावसाबरोबर ती उगवते, आणि फुलून बी टाकल्यावर हिवाळ्यात वाळून जाते. खडकाच्या कपारीतील मूठभर मातीतही ती वाढते. गडांच्या पडक्या तटबंदीवर तिचे ताटवे अनेकांनी पाहिले असतील. अशा जागी ती जेमतेम वीतभर उंच होते. माती व ओल बरी असल्यास गुडघ्यापर्यंत वाढते व वरच्या अंगास तिला फांद्या फुटतात.

तिची पाने देठावर एकाआड एक येतात, समोरासमोर जोडीने येत नाहीत. पानांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात. खालची पाने मोठी व देठाची, तर वरची लहान होत गेलेली व बहुधा बिनदेठाची असतात. पानाचा आकार जागेप्रमाणे पुष्कळ बदलतो, सबब केवळ पानाच्या आकारावर विसंबू नये. फुलांची डोकी फांद्यांच्या टोकांना झुबक्यांनी येतात. प्रत्येक डोके साधारणपणे रुपयाच्या नाण्याएवढे किंवा त्याहून लहान असते. मध्यभाग व पाकळ्या दोन्ही पिवळ्याच. ऑगस्टच्या अखेरीस फुलोरा सुरू होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो भरात असतो आणि ओलसर जागी डिसेंबरपर्यंत फुले दिसतात.

आता फूल उलटे करावे. सोनकीच्या हिरव्या वाटीतील पात्या अरुंद, सारख्या उंचीच्या आणि एकाच ओळीत एकमेकींना लागून उभ्या असतात. कुंपणाच्या फळ्या जशा शेजारी शेजारी ठोकाव्यात तशा. वाटीच्या अगदी तळाशी मात्र काही इवलीशी पाने आढळतात, त्यांना मोजू नये. ही एका ओळीची वाटी सेनेसिओ वंशाची महत्त्वाची खूण होय. दुसरी खूण बियांत सापडते. त्याच झाडावरचे एखादे जुने, सुकू लागलेले डोके तोडून बोटांनी कुस्करावे. मधल्या भागातील बारीक बियांच्या डोक्यावर पांढऱ्या मऊ केसांचा झुबका दिसेल. रुईच्या बीची जशी म्हातारी उडते, त्याच रीतीने पण फारच लहान प्रमाणात, हे बी वाऱ्यावर जाते. कडेच्या पाकळ्यांखालील बियांवरून निर्णय करू नये. बी नेहमी मधले घ्यावे.

या दोन खुणा मनात ठसल्या म्हणजे इतर पिवळी फुले वेगळी काढणे कठीण जात नाही.

कारळा, ज्यास पुष्कळ ठिकाणी खुरासणी म्हणतात, त्याची गल्लत सर्वांत महाग पडते. म्हणून त्याकडे अधिक लक्ष द्यावे. कारळ्याची पाने देठावर समोरासमोर जोडीने येतात. अगदी शेंड्याकडची काही पाने क्वचित एकाआड एक असतात, यास्तव पाहणी झाडाच्या मध्यावर करावी. फूल सोनकीपेक्षा बरेच मोठे असते. पाकळ्या रुंद, बहुधा आठ असतात व प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते दिसतात. उलटून पाहिल्यास बाहेरून पाच रुंद, पानासारख्या हिरव्या पात्या आढळतात. सोनकीच्या अरुंद फळ्यांशी त्यांचे काहीही साम्य नाही. बी काळे, चकचकीत आणि केसांच्या झुबक्याविना असते. घाणीवर जाणारे बी म्हातारीसारखे उडाले असते तर ते शेतकऱ्याच्या हाती आलेच नसते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. कारळा मूळचा इथिओपियाकडील असला तरी आपल्या डोंगरी शेतीत तो फार जुना आहे. हलक्या उतारावरच्या जमिनीत, नाचणी-वरईच्या सोबतीने किंवा बांधालगत तो पेरतात. त्याच्या फुलांत परागसिंचन मुख्यतः मधमाश्यांकडून होते. स्वतःच्याच परागांनी त्यास बी फारसे धरत नाही. कारळा फुलावर असताना शेतात कीटकनाशक फवारल्यास माश्या मरतात व बी पोचट राहते, हे या निमित्ताने सांगून ठेवणे बरे.

पाथरी ओळखणे त्याहून सोपे. देठ मोडला की पांढरा चीक येतो. सोनकीला चीक नाही. पाथरीच्या डोक्यात नळीदार फुले नसतातच, सारी फुले पट्टीसारखी असतात. आणि पाने बहुतेक जमिनीलगत चक्राकार पसरलेली असतात.

सोनकडी या नावाने ओळखली जाणारी वनस्पती नावामुळे आणि रूपामुळेही फसवते. ती डोंगराखालच्या माळावर व झुडपी रानात अधिक आढळते. तिची पाने अरुंद असून बुंध्याशी देठाला मिठी मारून बसतात. परंतु सोनकीचीही वरची पाने काही वेळा तशीच भासतात, त्यामुळे येथे पुन्हा वाटीच पाहावी. सोनकडीच्या वाटीतील बारीक पात्या एकीवर एक अशा अनेक ओळींत, कौलांप्रमाणे चढत गेलेल्या असतात.

कवळा किंवा बारका या नावांनी ठाऊक असलेली झुडपे सड्यावर सोनकीच्या शेजारीच फुलतात व लांबून सारा उतार एकरंगी दिसतो. ती मात्र या कुळातली नव्हेत. त्यांची पाने लाजाळूप्रमाणे बारीक पानांची बनलेली असतात, फूल वाटाण्याच्या घाटाचे असते व त्यांतील एका जातीच्या फुलावर तर दोन तांबडे ठिपके ठळक दिसतात. जवळ जाऊन पाहणाऱ्याची येथे फसगत होऊ नये.

राहिली ती पिवळी अगर नारिंगी कॉसमॉस. वर सांगितलेल्या गावी हीच शोधावयाची होती. ही मूळची मेक्सिकोकडील. बागेतून सुटून ती घाटरस्त्यांच्या कडेला व पडीक जमिनीवर पसरत आहे. तिची पाने समोरासमोर असून खोलवर चिरलेली, झेंडूच्या पानांची आठवण करून देणारी असतात. बी लांब, काळपट व टोकास दोन काटेरी शिंगे असलेले असते. ते कपड्यांना व जनावरांच्या केसांना चिकटून दूर जाते. हिचा बंदोबस्त करावयाचा तर बी पिकण्यापूर्वी उपटणे हाच मार्ग. परक्या वनस्पतीकडे आरंभी दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, हे गाजर गवताने आपणास शिकविले आहे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात ध्यानी आले, आणि पुढे साऱ्या देशभर पसरले. जाता जाता सांगावयाचे तर गाजर गवताची फुले पांढरी असतात. त्याचा या पिवळ्या मंडळींशी घोटाळा होण्याचे कारण नाही.

आता वैरणीविषयी. सोनकी ज्या सेनेसिओ वंशातील आहे, त्या वंशाच्या पुष्कळ जातींत पायरोलिझिडीन या नावाचे विषारी अल्कलॉइड असते. हे विष यकृतावर काम करते. युरोपात याच गणातील रॅगवर्ट नावाचे पिवळ्या फुलाचे झाड गुरे व घोडे यांच्या मृत्यूस कारण झाल्यामुळे तेथील शेतकऱ्यांना फार जुन्या काळापासून परिचित आहे. दक्षिण आफ्रिकेत सेनेसिओची बी-पाने गव्हात मिसळून माणसांनाही यकृताचा आजार जडल्याचे १९२० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्या देशातही या विषाचा अनुभव आलेला आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, म्हणजे सध्याच्या छत्तीसगडमधील, सरगुजा जिल्ह्यात खेड्यांतील लोकांची पोटे फुगून मृत्यू ओढवले. त्यांच्या खाण्यातील बारीक तृणधान्यात खुळखुळ्याच्या एका जातीचे बी मिसळले गेले होते. खुळखुळा सूर्यफूल कुळातील नव्हे, परंतु त्यातील विष याच वर्गातले होय.

उभ्या रानात चरताना गुरे अशा कडवट झाडांना सहसा तोंड लावीत नाहीत. धोका असतो तो कापलेल्या गवतात. झाड वाळले की कडवटपणा कमी होतो, विष मात्र वाळण्याने जात नाही; आणि पेंढीत आवळलेल्या गवतातून जनावराला नको ते झाड वेगळे काढता येत नाही. आपल्या डोंगरी भागात नेमका येथेच प्रश्न उभा राहतो. कुरणातील पवन्या, शेडा, मारवेल ही गवते फुलोऱ्यावर येताच, म्हणजे साधारण ऑक्टोबरात, कापावीत अशी शिफारस आपण सर्वजण करतो व ती योग्यच आहे. परंतु सोनकीही त्याच दिवसांत भरात असते. उताराच्या कुरणात विळा चालू लागला की गवताबरोबर सोनकीही पेंढीत जाते.

या विषाचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसत नाही, हे तर अधिकच वाईट. थोडे थोडे विष पोटात जात राहते व यकृत हळूहळू निकामी होते. लक्षणे दिसू लागेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिने लोटतात. तोपर्यंत दिवाळीत कापलेले गवत संपत आलेले असते व आजाराचे कारण कोणाच्या ध्यानी येत नाही. जनावर खाणे कमी करते, वाळत जाते, हगवण लागते किंवा कुंथते. काही वेळा डोळ्यांत पिवळेपणा दिसतो. कधी ते सुस्त, तर कधी भ्रमिष्टासारखे वागते. या अवस्थेत गुण येईल असे औषध नाही. गाई-बैल व घोडे यांना हे विष लवकर बाधते; शेळ्यामेंढ्या त्या मानाने अधिक सोसतात. तथापि वाळत चाललेले प्रत्येक जनावर सोनकीनेच आजारी पडले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पाणथळ भागात यकृतातील चपट्या कृमींमुळेही जनावरे अशीच खंगतात आणि त्यावर औषध आहे. म्हणून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास बोलवावे, आणि त्यांना वैरणीची एक पेंढी सोडून दाखवावी. ही शेवटची गोष्ट बहुधा कोणी करीत नाही.

सोनकी याच वंशातील असल्यामुळे तिला वैरणीबाहेर ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. त्यासाठी खर्च काहीच नाही. कुरण कापण्याच्या आदल्या आठवड्यात एकदा त्यातून फिरावे. सोनकी त्या वेळी फुलावर असल्यामुळे लांबूनही दिसते, व तिची मुळे उथळ असल्यामुळे ओलसर जमिनीतून ती सहज उपटून येते. उपटलेली झाडे गवतातच टाकून देऊ नयेत. बाहेर नेऊन खड्ड्यात टाकावीत. ज्या पट्ट्यात सोनकी दाट असेल तो पट्टा कापण्यात घेऊच नये, किंवा त्याचे गवत छपरासाठी वेगळे ठेवावे. पावसाळ्यात रानभाजी गोळा करणाऱ्या स्त्रियांनाही सोनकीचे कोवळे रोप एकदा दाखवून ठेवावे. पाथरी व कवळा या चांगल्या भाज्या आहेत. त्यांच्या जुडीत दातेरी, बिनचिकाचे, एकाआड एक पानांचे रोप आल्यास ते काढून टाकलेले बरे.

येथे एक गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. जेथे वैरण कापावयाची नाही, अशा सड्यावर, गडावर किंवा दरडीवर सोनकीला हात लावण्याचे काहीही कारण नाही. ती पिकात शिरून त्रास देणारे तण नव्हे. तणनाशक फवारण्याचा विचारही मनात आणू नये. त्याने सड्यावरील इतर दुर्मिळ झाडे व फुलांवर येणाऱ्या माश्या दोन्ही जातील. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले, ते अशाच स्थानिक वनस्पतींमुळे. घरच्या कुरणातून सोनकी काढणे आणि डोंगर सोनकीने पिवळा राहू देणे, या दोन्ही गोष्टी एकाच शेतकऱ्याला करता येतात.

सेनेसिओ वंशाच्या आणखीही काही जाती सह्याद्रीत आढळतात व त्या एकमेकींपासून ओळखणे तज्ज्ञाचे काम आहे. वैरणीपुरते पाहिले तर त्याची गरज नाही. एका ओळीची वाटी आणि केसांच्या झुबक्याचे बी दिसले की ते झाड पेंढीबाहेर ठेवावे. मात्र एखाद्या ठिकाणी गुरे आजारी पडली असतील, किंवा अनोळखी पिवळे फूल वेगाने पसरताना दिसले, तर त्याचा नमुना अवश्य पाठवावा. नुसते फूल पाकिटात घालून पाठविल्यास त्याचा उपयोग होत नाही, ते वाटेतच कुजते. सबंध झाड मुळासकट घ्यावे. त्यावर फूल व पिकलेले बी दोन्ही असावीत. माती झटकून ते वर्तमानपत्राच्या घडीत, पाने पसरून ठेवावे व वर दगड किंवा जड पाट ठेवावा. एकदोन पाने उलटी ठेवावीत, म्हणजे खालची बाजूही दिसते. पहिला आठवडाभर कागद रोज बदलावा, अन्यथा बुरशी येते. सोबत गावाचे नाव, तारीख, जागा खडकाळ की मातीची, झाडाची उंची, फुलाचा ताजा रंग आणि गावातील लोक त्यास काय म्हणतात, हे सर्व एका चिठ्ठीवर लिहावे. असा नमुना जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे, अथवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे येथील केंद्राकडे पाठविता येतो. एक जोडनमुना आपल्यापाशीही ठेवावा व दोहोंवर एकच क्रमांक घालावा, म्हणजे उत्तर येईल तेव्हा ते कोणत्या झाडाविषयी आहे याचा घोटाळा होणार नाही.